गाठ की गुर्दा

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. जो तो मान उंचावून ओढबाबा पोटातून गाठ कशी ओढतात ते बघत होता. बाबा कापत नाहीत, टाका घालत नाहीत; रक्तही अदबीने चमचाभरच येतं. आज टेबलावर खाटकाची थोरली बहीण होती.

ताई कपडे शिवायची. तिला अंडाशयाचा कर्करोग, पोटभर पसरलेला. डॉक्टरीणबाईंनी तिच्याच भाषेत समजावलं होतं: कापड आधी भिजवून आटवतात, मग कात्री लावतात. तसंच आधी केमो, गाठी आटल्या की ऑपरेशन, उरल्यासुरल्यासाठी पुन्हा केमो. तीन केमो झाले. केस गेले, पोटातलं पाणी गेलं, गाठी निम्म्या झाल्या. ऑपरेशनची तारीख मिळाली आणि नेमक्या त्याच आठवड्यात दाजींना बाबा भेटले. निम्मी गाठ आपणच लांबून ओढली, असं बाबांनी सांगितलं. उरलेली दहा बैठकांत, आठवड्याला एक. खाटकाने विरोध केला, तर सुरा चालवणाऱ्याने देवाधर्मात बोलू नये, असं दाजींनी त्यालाच सुनावलं. शिवाय ताईला टाक्यांची भीती वाटत होती. जन्मभर टाके घालून पोट भरलेल्या बाईला.

ही दहावी बैठक. खाटीक पहिल्यांदाच आला होता. बाबांनी कापसाचा ओला बोळा ताईच्या पोटावर दाबला, कातडीची घडी केली, बोटं आत शिरल्यासारखी दुमडली. "ये बाई, ये, भाड्याचं घर सोड," अशी गाठीला लाडीगोडी लावली आणि तांबूस गोळा वर धरला. सगळ्यांनी हात जोडले.

खाटकाने हात पुढे केला. गोळा उलटा करून पाहिला. मधली चरबी काढायला तो स्वतः देतो तीच तिरपी चीर.

"ताई, हा बोकडाचा गुर्दा आहे. सकाळी बाबांच्या शिष्याला मीच दिला. कुत्र्यासाठी म्हणाला होता."

त्याने बोळा उलगडला. आत गुर्द्याच्या मापाची पोकळी. पिळला, तर लाल रंग गळला.

बाबा हसले. "बघा शक्ती. कर्करोगाचा गुर्दा केला."

टाळ्या पडल्या. दाजींच्याही.

ताई टेबलावरून उतरली, पोट पुसलं आणि भावाला म्हणाली, "चल."

डॉक्टरीणबाई नवा स्कॅन बराच वेळ बघत राहिल्या. गाठी यकृतावर, आतड्यांवर पसरल्या होत्या. आता ऑपरेशन जमणार नव्हतं. पुन्हा केमो देऊ, म्हणाल्या, पण ताईच्या डोळ्यांकडे न बघता.

"आटलं होतं तेव्हाच बेतायचं," ताई म्हणाली. "मी घडी घालून ठेवलं."

चार महिन्यांनी ती गेली. अकरावी बैठक घ्यायला हवी होती, असं दाजी आल्यागेल्याला सांगत राहिले.

खाटकाने दुकानावर पाटी लावली. ती अजून आहे: गुर्दा ओळखायचा तर माझ्याकडे या. गाठ ओळखायची तर डॉक्टरकडे जा, आणि ज्या तारखेला बोलावलंय त्याच तारखेला जा.