पाच बोटं खोल

मी पलंगाची फळी बोलतेय. आता नदीत उभी आहे, अंगावर लाल आकडे आहेत आणि सगळे मला पाण्याची पट्टी म्हणतात. पण मूळची मी पलंगाची. मला नक्की काय म्हणायचं, याचा माझा मलाच अजून पत्ता लागलेला नाही. आणखीही बऱ्याच गोष्टींचा लागलेला नाही. तरी सांगते.

सुतारानं मला एका दुपारी कापली, रंधा मारला आणि एका टोकाला बोल्टसाठी भोक पाडलं. त्या पलंगावर दोघं भाऊ झोपायचे. धाकटा भिंतीकडे, थोरला माझ्या बाजूला. धाकटा झोपेत लाथा मारायचा आणि थोरला सरकत सरकत माझ्यापर्यंत यायचा. अर्धं अंग माझ्यावर, एक पाय खाली लोंबकळत. सकाळी आई विचारायची, "रोज तूच कसा काठावर?" तो म्हणायचा, "मला वारा लागतो इकडे."

धाकट्यानं एकदा रागाच्या भरात माझ्यावर चाकूनं खाच पाडली. थोरला त्याला नदीवर घेऊन गेला नव्हता, एवढंच कारण. ती खाच अजून आहे. धाकट्याचा राग असाच असायचा. जे हाताशी येईल त्यावर निघायचा आणि मग तो स्वतःच तासभर तोंड लपवून बसायचा. शाळेलाही त्यानं असाच एका दिवसात रामराम ठोकला. मास्तर काहीतरी बोलले, हा उठला, दप्तर तिथंच ठेवून घरी आला. मग थोरला जाऊन दप्तर घेऊन आला.

पुढं दोघं मोठे झाले, पलंग मोडला आणि मी परसात भिंतीला टेकून पडले. माझ्यावर आई फडकी वाळत घालायची. मला वाटलं, झालं आपलं आयुष्य.

थोरल्याला नदीच्या ऑफिसात काम मिळालं. ऑफिस कसलं, एक खोली, दोन टेबलं, भिंतीवर नकाशे आणि एक बाई. आमची नदी पावसाळ्यात काठ खायची आणि उन्हाळ्यात डबक्यांपुरती उरायची. बाईंचं म्हणणं साधं होतं. शेतकऱ्यांनी काठाची दहा पावलं जमीन नांगरायची नाही. तिथं गवत वाढू द्यायचं, वाळुंजाच्या फांद्या रोवायच्या. वाळुंज म्हणजे पाण्याकाठी येणारं झाड, फांदी खोचली तरी मूळ धरतं. मुळं माती धरतील, माती पाणी धरेल.

काठाला सात जणांची शेतं. थोरला घरोघरी गेला, एकदा नाही, दहादा. त्यात एक होता, ज्याला सगळे वकील म्हणायचे. कोर्टाची पायरी त्यानं कधी चढली नव्हती, पण प्रत्येक गोष्टीत मुद्दा काढायचा. तो म्हणाला, "दहा पावलं सोडतो. पण किती दिवस? आणि पाणी वाढलं हे ठरवणार कोण, तू?"

थोरला म्हणाला, "तीन उन्हाळे सोडा. नदीत पट्टी लावतो. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी चाळीस बोटांच्या खाली गेलं, तर खुशाल नांगरा."

"चाळीसच का?"

"आता सव्वीस आहे, मी मोजलंय. चाळीस झालं तर तुम्हालाही मान्य करावं लागेल म्हणून."

असं ते ठरलं. आणि पट्टीसाठी त्याला मी आठवले.

परसात त्यानं मला डांबर फासलं, वर पांढरा रंग दिला आणि लाल रंगानं आकडे काढायला बसला. एक आकडा एक बोट रुंद. धाकटा बाजूला बसून फिदीफिदी हसत होता. "दादा, तो चार उलटा काढलास."

"उलटा नाही, तो तसाच असतो. शाळेत दोन वर्षं जास्त बसला असतास तर कळलं असतं."

"मग तो पाच कशाला पोट पुढं काढून उभा आहे?"

"तो तुझ्यासारखा आहे."

नदीत मला उभी करताना थोरल्यानं एक गोष्ट केली. काठाला लागून एक चपटा दगड आहे. माझं बोल्टचं भोक त्यानं बरोबर त्या दगडाच्या माथ्याशी आणलं, एक डोळा मिटून पाहिलं, मगच खाली दगड भरून मला पक्की केली. पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या मावशी ओरडल्या, "काय रे, भोकातून कोण दिसतंय?" तो म्हणाला, "तुम्हीच दिसताय, मावशी." मावशी म्हणजे सगळ्यांच्याच मावशी. त्यांचंही शेत सातांपैकी एक.

रोज सकाळी तो यायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. पहिल्या उन्हाळ्यात सगळ्यात कमी पाणी एकतीस. दुसऱ्या उन्हाळ्यात चौतीस. गवत गुडघ्याएवढं झालं होतं. मला वाटायचं, सगळं मला समजतंय. पाणी चढलं, पाणी उतरलं, यात न समजण्यासारखं काय आहे?

दुसऱ्या पावसाळ्यात जे झालं ते मी डोळ्यांदेखत पाहिलं. तरी मला ते सांगता येत नाही. दर वेळी क्रम चुकतो. पुन्हा प्रयत्न करते.

सातांपैकी एक शेत या भावांचंच. ते माझ्या अगदी मागे. थोरला दोन दिवस ऑफिसच्या कामाला बाहेर गेला होता. धाकट्यानं तेवढ्यात ट्रॅक्टर आणला आणि काठापर्यंत नांगरून टाकलं. थोरला आला, पाहिलं. दोघं माझ्यासमोरच भांडले.

"सहा घरांना मी हात जोडून सांगितलं आणि माझ्याच घरी हे?"

"दहा पावलं जमीन तशीच टाकायची? तुझ्या नदीला काय कमी पडलंय?"

"मला एकदा विचारायचं तरी."

"तू घरी असतोस कुठं विचारायला?"

धाकटा तरातरा निघून गेला. मग तीन दिवस पाऊस. चौथ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला आणि थोरला वाळुंजाच्या फांद्यांची मोळी घेऊन त्या नांगरलेल्या काठावर आला. एक फांदी खोचली. दुसरी खोचली. मग माझ्याकडे आकडा बघायला वाकला. आणि काठ खचला. आवाजसुद्धा फार झाला नाही. ओली माती, तो, फांद्या, सगळं एकदम खाली. मातीचा एक लोंढा माझ्यावर आदळला आणि मी वाकडी झाले.

माणसं आली, माती उपसली. धाकटा हातांनीच उपसत होता. थोरल्याला बाहेर काढलं तेव्हा तो मेलेला होता.

तो आकडा बघायला वाकला नसता तर? मी तिथं नसते तर? की नांगरलंच नसतं तर? मी याचा विचार करते आणि पाण्यासारखी तिथंच फिरत राहते. माझ्या अंगावर या गोष्टीसाठी आकडा नाही.

आठ दिवसांनी बाई वही मागायला घरी गेल्या. म्हणे, कोणीतरी दुसरा माणूस बघू. धाकट्यानं वही त्यांच्या हातातून ओढून घेतली. "मी लिहितो," म्हणाला. बाई म्हणाल्या, "तुला जमेल?" तो म्हणाला, "आकडे मला येतात."

त्याच दिवशी तो घण घेऊन नदीत उतरला. मला वाटलं, आता हा माझे तुकडे करणार. पण त्यानं मला सरळ केलं आणि माथ्यावर घाव घालायला लागला. एक, दोन, दहा, पंधरा. इतके घाव लागत नव्हते. मी केव्हाच पक्की झाले होते. तो ठोकतच होता आणि रडत होता. रडून झाल्यावर घण खांद्यावर टाकून गेला. तो मला दुरुस्त करत होता की मारत होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

पण तेव्हापासून तो एक सकाळ चुकला नाही. नांगरलेला काठही त्यानं मोकळा सोडला. थोरल्याच्या अंगाबरोबर खाली आलेल्या फांद्यांतल्या दोन जगल्या होत्या, त्यांना काट्यांचं कुंपण केलं.

तिसरा उन्हाळा आला. नदी उतरायला लागली तशी धाकट्याची झोप उडाली. सकाळी येऊन पाहायचा, दुपारी पुन्हा यायचा. अठ्ठेचाळीस. शेहेचाळीस. चव्वेचाळीस. पाणी बेचाळीसवर येऊन थांबलं आणि आठ दिवस तिथंच राहिलं. तो धावत घरी गेला. नंतर मावशींनी त्याला विचारलं, "आईला सांगितलंस का?" तो म्हणाला, "सांगितलं. दादाचं चाळीस पार झालं."

"मग काय म्हणाली?"

"काही नाही. दोन घास जास्त जेवली."

ठरल्या दिवशी सकाळी सगळे काठावर जमले. सातही शेतकरी, बाई, मागे धाकट्याची आई. बाईंच्या हातात छापील कागद होता. त्यांनी स्वतः वाकून पाहिलं, बेचाळीस लिहिलं आणि मग नेहमीचे प्रश्न वाचायला लागल्या. "पट्टीला तडा गेलाय का? नाही. रंग शाबूत? आहे. पट्टी जागची हलवली होती का?"

"नाही," धाकटा म्हणाला. "फक्त खाली ठोकली. वाकडी झाली होती ना."

बाईंचं पेन थांबलं. "किती ठोकली?"

"चांगली ठोकली. आता पुरातसुद्धा हलायची नाही." त्याच्या आवाजात शाबासकीची वाट पाहणं होतं.

सगळ्यांत आधी वकिलाला हसू आलं. "अरे शहाण्या, पाणी वर नाही आलं. पट्टी खाली गेली."

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. मग पाण्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. त्याच्या तोंडावरचं सगळं एकेक करून उतरत गेलं. तेव्हा मला समजलं की त्याला हे खरंच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं का? मी वर्षभर खोटा आकडा दाखवत उभी होते आणि मला वाटत होतं पाणी खरंच चढलंय. मीही त्याच्याएवढीच शिकलेली.

बाई म्हणाल्या, "किती खाली गेली हे कळल्याशिवाय यंदाचा आकडा धरता येणार नाही."

मग मावशी पुढं आल्या. "ते भोक त्यानं दगडाच्या माथ्याला लावलं होतं. मी रोज समोरून बघत आलेय. आता मोजा."

"मावशी, तुम्हाला आधीपासून दिसत होतं?" बाईंनी विचारलं.

"दिसत होतं. पोराच्या आईचं जेवणही दिसत होतं."

बाईंनी मोजलं. भोक दगडाच्या माथ्यापासून पाच बोटं खाली. बेचाळीसातून पाच गेले, सदतीस. चाळीसला तीन कमी.

"म्हणजे ठरल्याप्रमाणं आम्ही मोकळे," वकील म्हणाला. "माझा मुद्दा एवढाच."

धाकटा तसाच पाण्यात उतरला आणि त्यानं मला दोन्ही हातांनी धरलं. उपटायलाच आला होता. ताकद लावली, मी हलले नाही. त्यानंच मला इतकी पक्की केली होती. मग त्याचं कपाळ माझ्यावर टेकलं, बरोबर त्या जुन्या खाचेशी. आणि तो मला धरूनच बोलला, आवाज न चढवता.

"आमचा काठ मी नांगरला होता. दादा नव्हता तेव्हा. तोच काठ खचला. तुम्ही सहा जणांनी त्याचं ऐकलं, एकाचाही काठ गेला नाही. मीच ऐकलं नाही. पट्टीही मीच ठोकली. तो चुकला नव्हता. दोन्ही वेळा मी चुकलो."

त्याची आई तिथंच खाली बसली. हे तिला माहीत होतं की नव्हतं, मला तिच्याकडे पाहून कळलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "वर ये बाळा. पाणी गार आहे." एवढंच म्हणाली.

बाईंनी वही उघडली. "पहिला उन्हाळा एकतीस. दुसरा चौतीस. यंदा सदतीस." वही त्यांनी उघडीच धरली.

वकिलानं काठाकडे पाहिलं. जिथं नांगरलं होतं तिथं काठाला मोठा घास घेतल्यासारखा खड्डा होता. बाजूला सहा जणांचं गवत सरळ रेषेत उभं होतं. शेवटी तो म्हणाला, "त्याला मोठं बोलायची सवयच होती. पस्तीस म्हणाला असता तर आज जिंकला असता." मग चपला झटकत म्हणाला, "मी काही कोणासाठी करत नाही. काठावर मका तसाही नीट येत नाही. आणखी एक उन्हाळा बघू." आणि चालायला लागला. बाकीचेही एकेक करून निघाले. कोणी नांगराचं नाव काढलं नाही.

बाई धाकट्याला म्हणाल्या, "ही काढून नीट लावू. नाहीतर वरून नवे आकडे रंगवू."

"नको," तो म्हणाला. "आकडे दादाचे आहेत."

"मग चूक राहील ना."

"मी रोज पाच काढून टाकत जाईन."

आता तो रोज सकाळी येतो. मोठ्यानं वाचतो, "शेहेचाळीस." मग डाव्या हाताची पाचही बोटं एकेक करून मिटतो, शेहेचाळीसवरून मागे मोजत. मूठ पूर्ण मिटली की म्हणतो, "एक्केचाळीस," आणि लिहितो. हिशेब त्याला आता पाठ झाला असणार. तरी बोटं रोज मिटतो. ती मिटलेली मूठ थोडा वेळ तशीच धरून उभा राहतो.

मी खरं सांगते की खोटं, हे मला ठरवता येत नाही. मी पाच जास्त दाखवते, तो पाच कमी करतो आणि दोघं मिळून वहीत खरं उतरतं. माझं डांबर गेलंय, बुडाशी लाकूड मऊ व्हायला लागलंय. आणखी किती पावसाळे निघतील, माहीत नाही. माझ्यामागे त्या दोन वाळुंजांना पालवी आहे, आणि त्यांनी काठ अजून धरून ठेवलाय.

तुम्ही कधी या नदीवर आलात आणि माझ्यावरचा आकडा चुकीचा दिसला, तर मला उपटून नीट लावू नका. काठावर एक माणूस मूठ मिटून उभा असेल. त्याचं मोजून होईपर्यंत थांबा.