आखाजीची कणीक

"दख ना नाना, कशी तान धरस!" आखाजीला माहेरी आलेली तानुबाई हसत भावाला म्हणाली आणि तिने हातातली कणीक वीतभर ओढून सोडली. कणीक हळूहळू आक्रसत मागे आली. "अशी कनीक व्हयनी ना, मंग पोयी खापरवर फाटाव नही."

पाटावर बसलेल्या झुलालनानाचा घास हातातच राहिला.

"आखो ओढ," तो म्हणाला.

"काबर?"

"ओढ म्हनस ना! आन सोड."

तिने ओढली, सोडली. कणीक पुन्हा मागे आली. झुलालनानाने हातातला घास ताटात टाकला.

देवपुरात झुलालनानाचं गॅरेज होतं. शर्यतीच्या मोटारसायकलींची इंजिनं बांधावीत ती नानानेच, असं साऱ्या धुळ्यात म्हणत. हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, लेथवर घासून बसवायचं, म्हणजे पिस्टन वर येताना दाब वाढतो आणि गाडी सुसाट सुटते. पण घासायचं म्हणजे किती? पिस्टन आणि हेड यांच्यात मिलिमीटरभर जागा राहायलाच हवी. हाताने फिरवताना इंजिन गरीब गाय असतं हो! तेच शर्यतीत किंचाळायला लागलं की आतला दांडा ताणतो आणि जागा कमी असली तर पिस्टन वर जाऊन आपटतो. मग इंजिन जाम, चाक जाम, आणि वर बसलेला माणूस देवाच्या हवाली.

ही जागा मोजायची नानाची रीत मोठी घरगुती. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं भिजवलेलं पीठ घ्यायचं, पिस्टनवर दोन बाजूंना दोन गोळ्या ठेवायच्या, हेड आवळायचं आणि इंजिन हाताने एक फेरा फिरवायचं. मग हेड उघडून चपटलेल्या गोळ्या मोजायच्या. कळण्याचं पीठ दबलं की दबूनच राहतं, खोटं बोलत नाही. पण आज पडली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला भाकरी कोण थापतो? लेथवाल्याकडून हेड आलं तेच आज सकाळी, शर्यत दुपारची, भाचा निंबा डोक्यावर उभा. नानाने बहिणीच्या परातीतून पुरणपोळीच्या कणकेची गोळी उचलली. ती दबली आणि हेड उघडल्याबरोबर फुगून वर आली. हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. गोळी जाड भरली तसा तो खूष होऊन म्हणाला, "जागा भलती शे रे!" आणि हेडखालच्या दोनपैकी एक गॅस्केट त्याने काढून टाकली, म्हणजे हेड तेवढं आणखी खाली बसलं. निंबाने गाडी टेम्पोत घातली आणि तो जळगावला गेला.

निंबा म्हणजे तानुबाईचा एकुलता एक. नवरा गेल्यावर भडगावला त्याच्याच तोंडाकडे बघत तिने दिवस काढलेले. सकाळी टेम्पो हलला तेव्हा तिने विचारलं होतं, "नाना, मन्हा पोऱ्याले काही व्हवाव नही ना?" आणि नानाने मिशीवर हात फिरवत सांगितलं होतं, "इंजिन मी बांधेल शे ना!"

आता तो ताटावरून उठला.

"कथा चालना? ताट वाढेल शे!"

"जळगावले. शर्यत दखाले."

"तू? तू ते कधी जास नही!"

खरंच होतं. इंजिन बांधून द्यायचं आणि घरी बसायचं, शर्यत बघायची नाही, हा त्याचा नेम. तानुबाई कोपरापर्यंत पिठाने माखलेले हात घेऊन त्याच्याकडे बघत राहिली. काय सांगणार तिला? तो चपला घालून निघाला.

फोनचं बूथ उघडं होतं, पण फोन करणार कुणाला? मैदानावर कुठला आलाय फोन! एसटीत माहेरवाशिणींची ही गर्दी. पारोळ्याला गाडी थांबली, एरंडोलला थांबली, दर फाट्यावर कुणाची तरी पिशवी, कुणाचं तरी पोर, कुणाची आंब्यांची पाटी.

"मास्तर, जरा दामटा ना गाडी," नाना कंडक्टरला म्हणाला.

"नाना, सणाचा दिवस आहे. तुम्हालाच तेवढी घाई का?"

झुलालनानाने तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याला रडू येत होतं आणि एवढ्या बायांत रडायचं कुठे, तेही कळत नव्हतं.

मैदानाबाहेर उतरला तेव्हा शर्यत सुरू झालेली. निंबाच्या गाडीचा आवाज त्याने रस्त्यावरूनच ओळखला. त्या आवाजाखाली बारीक टिकटिक होती, पिस्टन हेडला टेकत असल्याची. दुसऱ्या कुणाला ती ऐकू आली नसती.

गर्दीत घुसून तो झेंडेवाल्यापर्यंत पोचला. "साहेब, ती लाल गाडी थांबाडा! इंजिन लागी राह्यनं!"

"मागे व्हा, नाना. सगळ्यांच्याच मामा-काकांना कुणाला तरी थांबवायचं असतं."

लाल गाडी वळणावरून आली. झुलालनाना बांबूच्या कठड्यावर चढला आणि दोन्ही हात वर करून बोंबलला, "थांब रे निंबा! थांब!" कर्ण्याच्या गोंगाटात त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. निंबाने मात्र त्याला पाहिलं. कधीच न येणारा मामा आलेला पाहिला. पोराचा चेहरा फुलला, त्याने एक हात उंचावला आणि अ‍ॅक्सिलरेटर आणखी पिळला.

पुढच्या वळणावर आवाज तुटला. धूळ उडाली आणि माणसं कठडे ओलांडून धावली. नाना सगळ्यांच्या मागून पोचला.

निंबा शुद्धीवर होता. गुडघ्याखालचा पाय मात्र पाय राहिला नव्हता. त्याला उचलून जीपमध्ये घातलं तेव्हा त्याने मामाचा सदरा पकडला.

"मामा, तुम्ही उनात! तुम्हीन हात दखाडा, मंग मी मूठ आखो पियी. गाडी कशी पयनी, दखी ना?"

"दखी रे भाऊ," झुलालनाना म्हणाला. "भलती पयनी."

"मायले सांगज्यात."

नाना त्याच्याजवळ बसला आणि जीप सिव्हिल हॉस्पिटलकडे निघाली. भाच्याचा हात धरावा म्हणून नानाने आपला हात पुढे केला. नखाच्या कडेला सकाळची कणीक सुकून बसली होती. त्याने हात मागे घेतला आणि मांडीखाली धरून ठेवला.