बाबांचा पाच वर्षांचा नियम

आमच्या घरात कॉम्प्युटर वरून खाली यायचा. बाबा घरांचे नकाशे काढत. दर पाच वर्षांनी ते नवा घेत, त्यांचा जुना मला मिळे आणि माझा आईला. आईकडे पोचेपर्यंत त्यात पत्ते खेळण्यापुरताच जीव उरे.

"बंद पडायची वाट बघू नये. चालतोय तोवरच पुढे द्यावा," बाबा म्हणायचे. ते डावखुरे, त्यामुळे त्यांचा कॉम्प्युटर आला की मी आधी माऊसची उलटी बटणं सुलटी करून घ्यायची आणि मग कुरकुर करायची.

यंदा पाच वर्षं कधीच उलटली, तरी बाबा गप्प. माझा कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. अनुवादाचं एक पान उघडेपर्यंत माझा चहा निवायचा.

"नियम तुमचाच ना?" मी तडकून विचारलं.

"आता कशाला? हा पुरेल मला."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यापासून आमच्या घरात बाबांच्या आजाराचं कुणी नाव काढत नव्हतं. बाबांनी नवा घेतला म्हणजे त्यांना पुढची पाच वर्षं हवी आहेत, एवढंच माझं गणित. मग मी हट्टालाच पेटले. आईने डोळे वटारले, तरी त्यांना दुकानात घेऊन गेलेच.

"काका, वॉरंटी एक वर्षाची की पाच?" दुकानदाराने विचारलं.

"पाच," बाबा चटकन म्हणाले. मला आनंदाने रडूच आलं.

दुपारभर बसून त्यांनी नवा कॉम्प्युटर लावला आणि थकून आत जाऊन पडले. मी हळूच खुर्चीत बसले. बटणं उलटी असणार म्हणून सवयीने दुसरंच दाबलं, तर भलताच मेनू उघडला. माऊस उजव्या हाताचा होता. माझे शब्दकोश टाकलेले होते. नकाशांचा प्रोग्राम कुठेच नव्हता.

मला त्यांचा भयंकर राग आला. डोळे पुसत मी बटणं उलटी केली, माऊस उचलून डावीकडे ठेवला आणि ओरडले, "बाबा, माऊस डावा केलाय. या, तुमचा प्रोग्राम टाकू."

आतून त्यांचा आवाज आला.

"कशाला गं? परत तुलाच बदलावा लागेल."