बाळकृष्णाची आंघोळ

विद्यापीठाच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, की घरातले देव आणताना स्वच्छ करू नयेत. घड्याळजीकाकांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांना हसू आलं. जेवायला बोलावणारे नाही का म्हणत, 'काही आणू नका हं'? म्हणून कोणी रिकाम्या हाताने जातं का?

बायको जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून देव तसाच बसून होता. आता काका मुलाकडे राहायला निघाले होते. तिथे देवघर नव्हतं, आणि तिच्या बाळकृष्णाची कुणाला अडगळ होऊ नये एवढाच त्यांना घोर होता. घरोघरच्या पूजेचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाच्या प्रकल्पात तो नीट सांभाळला जाणार होता. 'आमचा देव या वयात कॉलेजात चालला,' असं ते शेजाऱ्यांना सांगत सुटले होते.

मग काय, काकांनी चिंच भिजवली. चाळीस वर्षं ज्या बारीक ब्रशने घड्याळांची चाकं साफ केली तो काढला, डोळ्याला भिंग लावलं आणि कानामागचं, बोटांमधलं, हातातल्या लोण्याच्या गोळ्याखालचं सगळं काळपट किटण खरवडून काढलं. अख्खी सकाळ त्यात गेली. पितळ सोन्यासारखं दिसायला लागलं.

विद्यापीठात संशोधक बाईंनी पुडकं सोडलं आणि मूर्ती उजेडात फिरवून तिच्या खाचा पाहिल्या. काका कौतुकाची वाट बघत होते. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, की हे कुणी घासलं.

"मीच. का, राहिलंय का कुठे?"

"त्या खाचांमध्ये गंध साठलेलं असतं, काका. रोजचं थोडं थोडं. कोणत्या घरात कसली पूजा, किती वर्षं, ते आम्हाला त्यातूनच कळतं."

काका त्याला घाण समजले होते. एकावन्न वर्षं तिने आपल्या बोटाने लावलेलं गंध त्यांनी स्वतःच्या हाताने मोरीत सोडून दिलं होतं. त्यांना रडू आवरेना.

बाईंनी परोपरीने समजूत घातली. असं होतं, म्हणाल्या. फॉर्मवर 'आणण्यापूर्वी स्वच्छ केलेला' एवढंच लिहू, कुणी केला ते लिहायची गरज नाही.

"नाव घाला," काका म्हणाले. "ती रोज म्हणायची, एकदा तरी तुम्ही आंघोळ घाला त्याला. मी कधी घातली नाही. ही पहिलीच."