चौदा नंबरचा टोप

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा टोप आहे. किती जुना, ते माझ्या शेजारच्या पाटीवर लिहिलेलं आहे : ‘आद्य पात्र, नऊशे वर्षांपूर्वीचे’. ती पाटी खोटी आहे. मला अजून पन्नासही पूर्ण झाली नाहीत. पण काय करणार, मी पडलो टोप! दोन पितळी कान आहेत म्हणून सगळं ऐकतो, एवढं मोठं तोंड आहे आणि त्यातून एक शब्द फुटत नाही. तुम्ही मुलं शाळेच्या सहलीत इथे येता, काचेला नाकं लावता आणि बाईंच्या पाठोपाठ ‘नऊशे वर्षं!’ म्हणता, तेव्हा मला कसं होत असेल ते तुम्हीच ओळखा. म्हणून आज मनातल्या मनात का होईना, खरं काय ते सांगतो.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरासाठी चाळीस टोपांची ऑर्डर होती, त्यातला मी चौदावा. म्हाताऱ्या कारागिराने माझ्या बुडावर ठोक्याने ‘१४’ उमटवलं, खाली वसतिगृहाचं नाव घातलं आणि आतून पांढरीशुभ्र कल्हई केली. तो आपल्या मुलाला म्हणाला, “तांब्याची अब्रू कल्हईत असते बघ. ती उडाली आणि आत आंबट काही ठेवलं, की त्याचं विष होतं.” हे वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा.

वसतिगृहात मी नऊ वर्षं राबलो. ते बंद पडल्यावर जुन्या बाजारातून मला एका बुकबाइंडरने विकत घेतलं. त्याच्या दुकानात माझं काम एकच, पुस्तकं चिकटवायची खळ शिजवायची. बाइंडर भला माणूस होता. कोणी पायरीवरून ढकललं तरी ‘माफ करा’ म्हणेल असा. त्याची बायको दुपारी डबा घेऊन यायची आणि खळीचा वास आला की नाक मुरडून माझ्यावर झाकण ठेवायची.

ती बाळंतपणात गेली. बाळही गेलं.

बाळंतपण करायला गल्लीतलीच सुईण होती. तोंडाची फटकळ, पण हाताला यश असलेली बाई. त्या दिवशी मात्र हात टेकले. तीन आठवडे ती दुकानासमोरून मान खाली घालून जायची. मग एका मंगळवारी दुपारी सरळ आत आली आणि उभीच राहिली. मी स्टोव्हवरून नुकताच उतरलो होतो. बाइंडरने आपले दोन्ही हात माझ्या गरम पोटाला लावून धरले होते. सुईणीनेही समोरून आपले हात लावले.

“तिच्यासाठी काहीतरी म्हणायला हवं होतं हो,” बाइंडर म्हणाला. “मला काहीच सुचलं नाही.”

“मग आता म्हणा.”

“कोणापुढे म्हणू?”

सुईणीने इकडे तिकडे पाहिलं. कागदाचे कपटे, लोखंडी प्रेस आणि मी. “याच्यापुढे म्हणा,” ती म्हणाली. “गरम तरी आहे.”

त्याने बायकोचं नाव घेतलं आणि तो लहान मुलासारखा रडला. सुईणही रडली. मित्रांनो, आज ज्याला ‘झाकला पंथ’ म्हणतात, त्याचा उगम तो एवढाच. त्या दिवशी माझ्यात अर्धी खळ होती.

पुढच्या मंगळवारी दोघं पुन्हा बसली. मग ग्रंथालयातली एक कारकूनबाई पुस्तकं घेऊन आली, तिचा भाऊ गेला होता, तीही बसली. उठताना तिने विचारलं, “हे कुठून आलं हो?” बाइंडर खरं बोलणारा माणूस, त्याची बोबडीच वळली. सुईण म्हणाली, “रानातनं आलंय. नऊ पिढ्यांचं आहे.”

कारकूनबाई गेल्यावर बाइंडर म्हणाला, “अहो, असं कसं सांगितलंत?”

“मग काय सांगू? दोन आठवड्यांपूर्वी सुरू झालं म्हणून? मंगळवारच्या धर्मापुढे कोण रडणार आहे?”

तिथेच सगळं फसलं, पण तिच्या मनात पाप नव्हतं. लोक यायचे, हलके होऊन जायचे आणि गोष्ट मागायचे. सुईण गोष्ट द्यायची. नऊशे वर्षांपूर्वी म्हणे एका राजाने रानातली पूजा बंद केली. तेव्हा पहिली आई, म्हणजे रानआई, मला डोक्यावर घेऊन डोंगर ओलांडून पळाली. माझ्यात साठवलेल्या आंबट रानफळांवर तिने सात दिवस काढले. तिला धरून, एकीकडून दुसरीकडे, अशा नऊ आया झाल्या आणि सगळ्या गुपचूप. मंगळवारची बैठक पुढे पौर्णिमेची झाली. ती भरदुपारी असते, त्याचंही कारण गोष्टीत आहे : राजाचे शिपाई रात्री पहारा करायचे. खरं कारण असं, की बाइंडरला नऊ वाजले की डुलक्या यायच्या.

सुईण सांगायची, बाइंडर सुंदर अक्षरात लिहायचा. त्याची चामड्याची पोथी झाली. नवीन येणाऱ्याने ती आपल्या हाताने अक्षर न् अक्षर उतरवायची आणि बाहेर ब्र काढायचा नाही, अशी शपथ ठरली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे सुईणीला बरोबर ठाऊक होतं.

पण माझं बूड? ‘१४’ आणि वसतिगृहाचं नाव कोणी पाहिलं असतं तर नऊही आया एका क्षणात पळाल्या असत्या. म्हणून तिने पोथीत सर्वांत कडक नियम घातला : आद्य पात्र कधीही पालथं घालू नये, नाहीतर नऊ आयांची कृपा सांडते.

आणि एक गोष्ट तिने पोथीत घातलीच नाही. वर्षातून एकदा ती मला पिशवीत घालून आठवडाभर घरी न्यायची. ‘पात्राची विश्रांती’ म्हणायची. खरं म्हणजे घरी कल्हईवाला यायचा. मी पुन्हा आतून चकचकीत व्हायचो. ‘घरकामाचं कोणी पोथीत लिहितं का?’ असं तिला वाटलं असणार. सगळ्या थापा शाईने लिहिल्या गेल्या आणि एक खरी गरजेची गोष्ट तेवढी राहून गेली. बायामाणसांच्या कामाचं नेहमी असंच होतं.

वर्षं गेली. सुईणीची नात मोठी झाली. टपाल कचेरीत तिकिटं विकायला लागली. नियम तिला लहानपणापासून पाठ होते, आजीनेच तिला शपथ देऊन मंडळात घेतलं. मग बाइंडर वारला. त्याच सुमाराला सुईणीची थोरली बहीण अंथरुणाला खिळली आणि सुईण तिच्या सेवेला परगावी गेली, ती तीन वर्षं.

मागे कारभार हातात घेतला तपासनीसाने. हा शाळा तपासणारा निवृत्त अधिकारी. माणूस वाईट नव्हता, पण जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या. लिहिलेलं तेवढंच खरं मानायचा. ‘विश्रांती’ पोथीत नाही म्हणून त्याने ती बंद केली. आंबट फळं पोथीत आहेत म्हणून ती सुरू केली. पौर्णिमेच्या आधी सात दिवस माझ्यात आंबट फळांचा रस भरून ठेवायचा आणि प्रत्येकाने घोटभर प्यायचा.

पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी माझी कल्हई पापुद्र्यासारखी सुटायला लागली. तिसऱ्या वर्षी आत नुसतं तांबं. रसाला हिरवट कड यायची. लोकांना मळमळायचं, पोटात कळा यायच्या. तपासनीस म्हणायचा, “शुद्धी होते आहे.” मित्रांनो, ज्यांनी माझ्यापुढे आपली दुःखं मोकळी केली त्यांनाच मी विष पाजत होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. ओतून टाका, असं मला किती वेळा ओरडावंसं वाटलं! पण टोपाला सांडताही येत नाही हो, कोणीतरी कलंडवावं लागतं.

मग ठरलं, की नात दहावी आई होऊन गादीवर बसणार. पहिल्या आईसारखं तिने एकटीने टोपभर रस प्यायचा, सकाळपासून दुपारपर्यंत.

बातमी कशी कोण जाणे सुईणीपर्यंत पोचली. त्या दिवशी ती बसमधून उतरून तशीच आली. चपलाही काढल्या नाहीत. टेबलाभोवती अकरा माणसं होती, नातीच्या हातात पहिला पेला होता. सुईणीने माझ्यात डोकावून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

“ठेव तो पेला! आत कल्हई नाहीये गं. विष आहे ते!”

“आजी, तू बस आधी,” नात म्हणाली.

“बसत नाही. ऐका सगळे. हा टोप नऊशे वर्षांचा नाही. खळीचा आहे. बाइंडरने जुन्या बाजारातून आणला. नऊ आया माझ्या तोंडच्या. मीच रचल्या.”

तपासनीसाने चष्मा पुसला. “बाई, तुम्ही तीन वर्षं नव्हता. मान गेला याचं दुःख आम्ही समजू शकतो. पण पुरावा?”

“बुडावर आहे. पालथा घाला त्याला!”

सगळे दचकून मागे सरले. सुईणीने माझे कान धरले. मित्रांनो, मला वाटलं, सुटलो! पण चौघांनी तिचे हात धरले. म्हातारे, हाडं दिसणारे हात ते, किती बाळं त्या हातांनी जगात आणलेली. ते सोडवेनात.

“आजी,” नातीचा आवाज रडवेला झाला, “मी नऊ वर्षांची असताना तूच शिकवलंस ना? पालथं घातलं तर कृपा सांडते. मी तीनदा उतरवलंय ते. आता मी तुझ्या त्या शब्दांवर विश्वास ठेवू की या?”

ज्या नियमाने सुईणीने मला झाकलं होतं, त्याच नियमाने तिचे हात बांधले होते. शेवटी ती एवढंच म्हणाली, “बरं, नऊशे वर्षांचा म्हणा. हजाराचा म्हणा. निदान कल्हई तरी करून घ्या रे!” कोणीतरी हसलं. तिला बाहेर नेलं.

नात प्यायली. तिसऱ्या पेल्याला थांबली, पाचव्याला कोसळली. बाहेर पायरीवर बसून राहिलेल्या सुईणीनेच गाडी बोलावून तिला दवाखान्यात नेलं. अकरा दिवस ती तिथे होती. ती वाचली आणि तपासनीस म्हणाला, ‘पाहा, रानआईची कृपा! झाली ही दहावी आई.’ तिला धड शुद्ध नव्हती तेव्हाच त्याने एका पानावर तिची सही घेतली. पान पोथीत लागलं : पहिली आई खोटी आहे म्हणणाऱ्या त्या बाईशी मंडळातल्या कोणीही बोलू नये.

बरी झाल्यावर एका दुपारी नात एकटीच आली. आतून कडी लावली. मग माझे दोन्ही कान धरले, डोळे मिटले आणि मला पालथं घातलं.

कृपा काही सांडली नाही. वाळलेल्या खळीचा कुठेतरी अडकलेला एक पिवळा तुकडा तेवढा टेबलावर पडला. तिने बुडावर बोट फिरवलं. एक, चार, खाली वसतिगृहाचं नाव. “आजी गं,” ती म्हणाली आणि तिने तोंडात पदराचा बोळा कोंबला, बाहेर हुंदका जाऊ नये म्हणून.

मला वाटलं, आता ही सगळ्यांना बोलावील. पण तिने मला पुन्हा सरळ ठेवलं. तिला दिसलं असणार, की खरं सांगितलं तर तिचीही तीच गत होईल जी आजीची झाली. ती गादीवरून उतरली की तपासनीस पुन्हा रस भरणार आणि ती अकरा माणसं पुन्हा पिणार. म्हणून तिने आजीचाच मार्ग धरला. पुढच्या पौर्णिमेला तिने सांगितलं, “रानआई स्वप्नात आली होती. म्हणाली, आता पात्रातलं पिऊ नका, काचेत ठेवा. आणि शनिवारी दुपारी दार सगळ्यांना उघडं ठेवा, पाहुण्याने विचारलं की खरं उत्तर द्या.”

तपासनीसाच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण गादीवरच्या आईचं स्वप्न म्हणजे आज्ञा, असं पोथीत आहे.

दार सगळ्यांना का, ते मला पहिल्याच शनिवारी कळलं. पाहुण्यांच्या रांगेत शेवटी सुईण उभी होती. मंडळातल्यांनी तिच्याशी बोलायचं नाही. पण पाहुण्याने प्रश्न विचारला तर उत्तर द्यावंच लागतं.

“याला कल्हई आहे का हो?” सुईणीने विचारलं.

तपासनीस दारातून बघत होता. “नाही,” नात म्हणाली. “म्हणून यातलं आता कोणी काही पीत नाही.”

सुईणीला कळलं, पोरीने टोप पालथा घालून पाहिला. “बरं केलंत,” ती म्हणाली. नातीने एक खुर्ची आणून ठेवली. तेव्हापासून दर शनिवारी म्हातारी त्या खुर्चीत तासभर बसायची, एक प्रश्न विचारायची आणि जायची. “दिवसातून किती तास उभं राहता?” “इथे दुपारचं जेवायला मिळतं का?” असे प्रश्न. बाकीचे पाहुणे हसायचे.

गेले तीन शनिवार खुर्ची रिकामी आहे. नात कोणाला ती हलवू देत नाही. आजीच्या घरी जायची सोय नाही आणि कोणाला विचारायचीही नाही, त्या पानाखाली सही तिचीच आहे. दुसरं स्वप्न पडलं तर तपासनीस वही उघडून तपासायला बसेल.

काल पाहुणे गेल्यावर तिने काच काढली. आपले दोन्ही हात माझ्या पोटाला लावले. कोणी शिकवलं नव्हतं, पोथीतही नाही. पण बाइंडरने लावले होते अगदी तसेच. “आजी,” ती हळूच म्हणाली. मित्रांनो, मला तिला ऊब द्यायची होती हो. पण किती वर्षांत कोणी मला स्टोव्हवर ठेवलेलं नाही. मी थंडगार होतो.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, हात असते तर. जुन्या वस्तूंना नुसतं काचेत ठेवून मान देऊ नका. त्यांना घासा, कल्हई करा, कामाला लावा. आणि पुढच्या शनिवारी इथे आलात, तर पाटी वाचून पुढे जाऊ नका. तुमच्यापैकी एकाने तरी मोठ्याने विचारा, “याच्या बुडावर काय आहे?” पाहुण्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. नात ती रिकामी खुर्ची धरून तिथेच उभी असेल.