माझ्या मानेभोवतीचे सहा वेढे

मी एक जुनी इस्त्री आहे, आणि थोरल्याचं वागणं मला अजिबात पसंत नाही. थोरला म्हणजे माझ्या मालकिणीचा मोठा मुलगा. एका सकाळी मी तापले नाही, तर या गृहस्थाने मला दोनदा थोपटलं, प्लग काढून पुन्हा घातला आणि सरळ भंगाराच्या पोत्यात टाकलं. वरून एक फुटकी बादली आणि गंजलेले हँगर. मित्रांनो, एकतीस वर्षं मी या घराचं पोट भरलं. माझ्या पोटात काय आहे, हे एकदा बघावंसंही त्याला वाटलं नाही. बिघडतं कुणीही, त्याची मला लाज नाही. राग आहे तो या न बघण्याचा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझं लोखंडी बूड घासून आरशासारखं लख्ख केलं. त्यावर अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांत गुंडाळलेली तार ठेवली, तारेवर जड पट्टी, पट्टीवर टोपण आणि सगळ्यात वर काळी मूठ. झालं. दोन नट सोडवले की मी कुणालाही सगळं दाखवते. माझ्यात लपवण्यासारखं काही नाही.

मालकिणीने मला तिच्या इस्त्रीच्या दुकानात आणलं तेव्हा ती तिशीची होती. तिची शाळा दुसरीतच सुटली होती, पण जिभेला धार होती आणि मनगटात जोर. दवाखान्याचे पांढरे कोट, हॉटेलच्या चादरी, शाळेचे गणवेश, सगळं माझ्याखालून जायचं. कडक कॉलर हवी असेल तर याच दुकानात जा, असं लोक एकमेकांना सांगायचे. कौतुक तिचं व्हायचं आणि तापायचे मी. तेव्हा मी तक्रार केली नाही. सगळी आजच करते आहे.

तिची एक सवय होती. काम संपलं की मी गरम असतानाच ती वायर माझ्याभोवती करकचून गुंडाळायची. सहा वेढे. पाच नाही की सात नाही. वायर लोंबती ठेवणाऱ्याच्या घरात शिस्त नसते, असं तिचं ठाम मत. सुनेने एकदा सैल गुंडाळली तर बिचारीला आठवडाभर ऐकावं लागलं. थोरला वायर तशीच टाकून जायचा आणि रोज बोलणी खायचा. त्या सहा वेढ्यांनी मुठीखाली माझी मान आवळली जायची. तीन वेळा तिथेच वायर आतून तुटली. दर वेळी कोपऱ्यावरचा मिस्त्री नवी लावून द्यायचा. पण ती का तुटते, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही आपणहून सांगितलं नाही. मला कळत होतं. पण मला तोंड कुठे आहे?

मग मिस्त्री म्हातारा झाला, त्याचं दुकान बंद पडलं आणि मी चौथ्यांदा गप्प झाले. मालकिणीने क्षणाचाही विचार न करता थोरल्यावर आळ घेतला, की तूच हिला पाडली असशील. त्याने पाडलं नव्हतं. तोही तिचाच मुलगा, तोही पेटला. त्याच रागात त्याने मला पोत्यात घातलं आणि शनिवारी भंगारवाला येईल असं जाहीर केलं. संध्याकाळी नवी इस्त्री आली. पांढरी, हलकी, वाफा सोडणारी. तिचे स्क्रू असे विचित्र होते की घरातला एकही स्क्रू ड्रायव्हर त्यांना लागेना. उघडाल तर वॉरंटी गेली, असंही तिच्या अंगावर छापलेलं होतं.

मालकीण दोन दिवस येता-जाता पोत्याकडे बघत होती. शुक्रवारी सकाळी तिने मला बाहेर काढलं, पुसलं आणि पिशवीत घातलं. रस्त्याच्या टोकाच्या शाळेत दुरुस्तीचा वर्ग चालतो, असं एका गिऱ्हाइकाने तिला सांगितलं होतं. थोरला दारातच आडवा आला. या वयात शिकून काय दिवे लावणार, पोरं हसतील, असं बरंच काही म्हणाला. ती त्याच्या काखेखालून निघून गेली.

वर्गात सोळा-सतरा वर्षांची मुलं-मुली बसली होती आणि शिकवणारी मास्तरीण सुनेपेक्षाही लहान होती.

"आजी, इथे आठवी पास लागते," ती जरा संकोचाने म्हणाली.

"ही बिघडली तेव्हा तिने मला विचारलं नाही, मी कितवी पास आहे ते," मालकीण म्हणाली आणि मला बाकावर ठेवलं.

मुलं हसली. मास्तरीणही हसली, आणि आजच्या दिवस बसा म्हणाली.

मालकिणीने माझे दोन नट सोडवले. जिला एकतीस वर्षं रोज हातात धरलं, तिचं पोट ती पहिल्यांदाच बघत होती. मग प्रश्न सुरू झाले. तार लाल होते तर वितळत का नाही? हा चकचकीत पापुद्रा कशाला? वीज तारेतून जाते, तर मला झटका का बसत नाही? हसणारी मुलं माना लांब करून पुढे सरकली, कारण यातलं काही त्यांनीही विचारलेलं नव्हतं. मास्तरणीने एक दिवा जोडून वायर तपासली. सरळ धरली की दिवा लागे, मानेपाशी वाकवली की विझे. माझी आतली तार ठणठणीत होती.

मास्तरणीने विचारलं, घरी वायर ठेवता कशी? मालकिणीने सहा वेढे घालून दाखवले, मोठ्या अभिमानाने. मग मास्तरणीने समजावलं, की गरम अंगावर अशी आवळली की आतले बारीक धागे एकेक करून तुटतात.

मालकिणीने ते सहा वेढे एकेक करून सोडवले. मला धडकी भरली. या बाईचा ताठा मला ठाऊक होता. आपली चूक झाकायला तिने मला पुन्हा पोत्यात टाकलं असतं, तर विचारणारं कोण होतं?

"म्हणजे मीच," ती हळूच म्हणाली. आणि मग, "आता नीट कशी ठेवायची ते दाखव."

नवी वायर तिने स्वतः लावली. पहिल्यांदा चुकली, बोलणी खाल्ली, पुन्हा लावली. जाताना मास्तरीण म्हणाली, रोज या, पण दाखला मिळणार नाही. मालकीण म्हणाली, दाखला टांगायला माझ्याकडे भिंत नाही, सगळीकडे हँगर आहेत.

मित्रांनो, मला सांभाळा म्हणून मी गयावया करणार नाही. पण भंगाराच्या ढिगात कितीतरी वस्तू केवळ कुणी प्रश्न विचारला नाही म्हणून पडल्या आहेत. फेकण्याआधी प्लग काढा, जाणत्या माणसाला शेजारी बसवा आणि उघडून बघा. आपल्याला येत नाही असं वाटलं, तर शिका. शिकण्याचं वय उलटून गेलं असं कुणी म्हणालं, तर खुशाल उलट बोला. माझी परवानगी आहे.

दुपारी मालकिणीने मला दुकानातल्या टेबलावर ठेवलं आणि मी झकास तापले. गिऱ्हाइकं उभी होती, सून घड्या घालत होती. आईने काय शिकून आणलं, असं थोरल्याने सगळ्यांदेखत हसून विचारलं. मालकिणीने एक कॉलर पुरी केली, मला उभं ठेवलं आणि त्याच्याकडे वळली.

"ही तू पाडली नाहीस. मीच मोडली, रोज थोडी थोडी, एकतीस वर्षं. तुझ्यावर आळ घेतला ती माझी चूक, आणि ती मी चार माणसांत कबूल करते. पण न उघडता हिला पोत्यात घातलीस ती चूक तुझी, आणि ती तू अजून कबूल केलेली नाहीस. माझ्या वयाची काळजी तू करू नकोस. चाळिशीत ज्याला आत काय आहे ते बघावंसं वाटत नाही, म्हातारा तो झाला. उद्यापासून सकाळी दुकान तू उघड. मी वर्गाला जाणार आहे."