मधला तुकडा

मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे. जुनी म्हणजे नऊ वर्षांची. माणसाचं नववं वर्ष म्हणजे बालपण, पण रोज संध्याकाळी चार तास निखारे पोटात घेणाऱ्या लोखंडाला तेवढ्यात म्हातारपण येतं. माझी लांबी तीन फूट आहे. चार पायांपैकी एक किंचित आखूड आहे, म्हणून त्याच्याखाली कौलाचा तुकडा असतो. तळोद्यात, वर डोंगरातल्या मोलगीला जाणाऱ्या जीपगाड्या जिथे भरतात, त्या जागेसमोरच माझं दुकान आहे. खरं तर दुकान रिनाचं आहे, पण मी माझं म्हणते.

मित्रांनो, या दुकानाला इझाकाया म्हणतात. जपानमध्ये कामावरून सुटलेली माणसं अशा छोट्या खानावळीत शिरतात, एकमेकांना खेटून बसतात आणि एकेक लहानशी ताटली मागवून वाटून खातात. तिथे दारूही असते. रिनाने ती ठेवली नाही, तिच्याऐवजी आमचुराचं सरबत ठेवलं. रिना मोलगीजवळच्या एका पाड्यावरची. ती पुण्याला एका जपानी खानावळीत भांडी घासायला लागली आणि सहा वर्षांत शेगडीसमोर उभी राहिली. मग तिला वाटलं, आपल्या माणसांनीही असं शेजारी बसून खावं. त्यातही एका माणसाने नक्की खावं. तो माणूस म्हणजे तिचे वडील, आमशा.

माझा जन्म ईश्वर लोहारांच्या हातचा. रिनाने वहीच्या पानावर माझं चित्र काढून दिलं होतं. त्यात लिहिलं होतं, आतली रुंदी तेरा सेंटिमीटर. त्यामागे कारण होतं. मांसाचे तुकडे ओवलेली बांबूची काडी अठरा सेंटिमीटरची असते. तिची टोकं शेगडीच्या दोन्ही कडांवर टेकतात, मांस निखाऱ्यांवर राहतं आणि धरायची बाजू थंड राहते. पण ईश्वरदादांनी ते पान डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि त्यांना रिनाची दया आली.

रिना मला न्यायला आली तेव्हा ते म्हणाले, "पोरी, तेरामा तं भाकरबी मावाव नई. मी दुप्पट रुंद करी दिधी. जादा लोखंड मन्हाकडथून."

रिना माझ्याकडे बघत राहिली. ईश्वरदादांचा चेहरा इतका आनंदी होता की ती फक्त "बरं झालं, दादा" एवढंच म्हणाली.

अशी मी चुकीची जन्मले. लोखंडाला लाज वाटते का, हे मला सांगता येणार नाही. पण पहिले दोन महिने मी जे पाहिलं ते मला आवडलं नाही. आखूड काड्या कडांवर टेकेनात, म्हणून रिनाने माझ्यावर जाळी टाकली. जाळीवर अख्खी काडीच निखाऱ्यांवर येई. मांस शिजायच्या आत काडीचं टोक जळे आणि तुकडे खाली राखेत पडत. पपईच्या बागा असलेले सुपडूआप्पा रोज यायचे. ते बोटांवर फुंकर घालत म्हणायचे, "ताई, हाई काडी धरा का इंगय धरा, एकच शे." इंगय म्हणजे निखारा.

तरी ते यायचे, कारण रिनाची चटणी त्यांना आवडायची. सोया सॉस, गूळ आणि आमचूर. आमचूर आमशाबांच्या घरचं होतं. कैऱ्या तेच झाडावरून उतरवत, तेच चिरत आणि तेच वाळवत. बाजाराच्या दिवशी ते जीपमधून पोतं घेऊन उतरायचे, रिनाचा वाटा उंबऱ्यावर ठेवायचे आणि समोरच्या कडुलिंबाखाली जीप सुटेपर्यंत बसून राहायचे. त्यांचं आमचूर आत असायचं आणि ते बाहेर.

ती दोघं आपसात डोंगरातली बोली बोलतात. तुम्हाला कळेल अशा भाषेत मी सांगते.

"बा, आत ये ना."

"आतली जागा गिऱ्हाइकाची."

"आठ स्टुलं आहेत. सहा रिकामी."

"मग सहा गिऱ्हाइकं यायची आहेत," ते म्हणायचे आणि पुन्हा झाडाखाली जायचे.

रिना त्यांच्यासाठी ताटली बाहेर न्यायची. ते उभ्यानेच खायचे आणि ताटली स्वतः विसळून आणून द्यायचे. ती विसळलेली ताटली रिना जागेवर ठेवायची. मग बराच वेळ ती निखारे उगाचच हलवत राही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

एके बाजारी ती त्यांना म्हणाली, "उद्या हिला कापायला नेते. निम्मी करून घेते. काड्या जळतात आणि माणसं दुसऱ्यांदा येत नाहीत. असंच चाललं तर पुण्याला परत जावं लागेल."

त्या दिवशी आमशाबा पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आले. ते स्टुलाकडे गेले नाहीत, माझ्याकडे आले. मी गार होते. त्यांनी हाताची वीत पसरून माझी रुंदी मोजली. एक वीत आणि तीन बोटं भरली. मग त्यांनी माझा आखूड पाय हलवून पाहिला आणि बाहेरून कौलाचा तुकडा आणून त्याखाली सरकवला.

"पुढच्या बाजारापर्यंत थांब," ते म्हणाले. "घडवलेलं लोखंड कापू नये."

आठ दिवसांनी ते आमचुराच्या पोत्याबरोबर बांबूच्या काड्यांची मोळी घेऊन आले. प्रत्येक काडी हातभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती आणि मधे गुळगुळीत तासलेली. त्यांनी ती मोळी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली. यातलं शास्त्र मला नंतर उमगलं. बांबूत पाणी असेपर्यंत त्याची उष्णता शंभर अंशांच्या पुढे सहसा जात नाही, म्हणून तो चटकन पेट घेत नाही. आमशाबांनी अंश कधी मोजले नव्हते, पण डोंगरात ओल्या बांबूत त्यांनी आयुष्यभर रांधलं होतं.

त्या संध्याकाळी जाळी निघाली. काडी माझ्या दोन्ही कडांवर अशी टेकली, जणू मी तिच्याच मापाची घडवलेली होते. राखेचा पातळ पांढरा थर चढला, ज्वाळ बसली आणि मांस कडेने तांबूस झालं. काडीची दोन्ही टोकं मात्र थंड राहिली. आमशाबांनी काडीवर पाचच तुकडे ओवायला लावले होते आणि ते पुन्हा झाडाखाली जाऊन बसले होते.

सुपडूआप्पांनी काडी हातात घेतली आणि ते गोंधळले. काडीला दोन मुठी होत्या आणि ते एकटे.

"ताई, हाई कशी खावानी?"

"दोघांनी," रिना म्हणाली. हे तिला त्याच क्षणी सुचलं होतं, हे मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. "आमच्याकडे काडी एकट्याला मिळत नाही, आप्पा. जोडीदार शोधा."

आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मग त्यांनी कडुलिंबाकडे पाहून आमशाबांना आत बोलावलं. "ओ दादा, मझार या. मन्हा एकलानं काम नई शे हाई."

मित्रांनो, माझ्या पोटात निखारे होते आणि तरी मला वाटलं, आपण थोडा वेळ गार पडावं, म्हणजे तडतड थांबेल आणि पावलं ऐकू येतील. पावलं आली. आमशाबांनी डोक्यावरचं फडकं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि ते स्टुलावर बसले. मदतीला बोलावलं होतं, म्हणून ते आले होते.

दोघांनी आपापल्या बाजूचे दोन-दोन तुकडे खाल्ले. मधला उरला.

"तुम्ही ल्या," आप्पा म्हणाले. आमशाबांनी मान हलवून काडी त्यांच्याकडे सरकवली. आप्पांनी परत सरकवली. मग पाऊस, पपई, कैऱ्या, आप्पांचा गुडघा, मोलगीचा घाट असं सगळं बोलणं झालं. जीप सुटली तरी बा उठले नाहीत. शेवटी तो तुकडा कोणी खाल्ला, ते मी पाहिलं नाही. रिनाने त्या वेळी माझ्यावर नव्या काड्या ठेवल्या होत्या, आणि ती माझ्यावर इतकी वाकली होती की मला फक्त तिचे डोळे दिसत होते. धुराने असतील, पण ओले होते.

नंतर तिने विचारलं, "बा, पाचच का? सहा बसतात."

"सहा घातलेस तर दोघं आपापले तीन खाऊन उठतील," ते म्हणाले. "पाचवा असला की बोलावं लागतं."

रिना हसली. तिच्या पुण्याच्या खानावळीतही जपानी इंजिनिअर ताटलीतला शेवटचा तुकडा असाच एकमेकांकडे सरकवत बसायचे.

त्यानंतर माझे चांगले दिवस आले. जीपवाले, शाळेतले गुरुजी, कचेरीतले कारकून, बाजाराला उतरलेली डोंगरातली कुटुंबं माझ्यासमोर बसली. कोण कोणाशेजारी बसेल, हे ती हातभर काडीच ठरवायची. ईश्वरदादा यायचे आणि शेजाऱ्याला सांगायचे, "मी रुंद करी म्हनीसनच चालनी."

आता माझा तळ पातळ झाला आहे. आमशाबांच्या हाताला कंप आहे, त्यामुळे काड्या दुसरे कोणी तासतात, पण मोळी ते स्वतः तपासतात. परवा दुकान उघडायच्या आधी रिनाने एकच काडी भाजली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा ती स्वतः स्टुलावर बसली, बांच्या शेजारी. दोन-दोन तुकडे झाले. मधला दोघांनी एकमेकांकडे सरकवला आणि गप्पा सुरू झाल्या.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे थोडंच मागणं आहे. तापलेल्या लोखंडावर पाणी ओतू नका, ते वाकतं. राख गार झाल्यावर काढा. आणि तुमच्या घरात कोणी मायेने चुकीच्या मापाचं काही बनवून दिलं असेल, तर ते कापायच्या आधी एकदा वीत लावून बघा.

परवा तो मधला तुकडा थंड होऊ लागला, तेव्हा रिनाने काडी उचलून परत माझ्या कडेवर ठेवली. त्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं. मी तो मंद आचेवर गरम ठेवला.